राजवाडा नसलेले शहर

पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशातील जेन्ने या गावाच्या आग्नेयेला सुमारे तीन किलोमीटरवर एक टेकाड आहे. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या अशा उंचवट्याला पांढर म्हणतात. ज्यांनी पांढरीची माती खत म्हणून शेतात नेलेली पाहिली आहे, त्यांना या टेकाडाचे रूप ओळखीचे वाटेल: राखाडी माती, तिच्यावर पसरलेली असंख्य खापरे, पावसाच्या ओहोळांनी उघड्या पडलेल्या भिंतींच्या कडा आणि ज्यांत एके काळी मृतांना ठेवून पुरले जात असे त्या मोठ्या रांजणांची जमिनीतून डोकावणारी तोंडे. बानी नदीला पूर आला की सभोवतालचे मैदान पाण्याखाली जाते आणि टेकाडाचे बेट होते. या जागेचे नाव जेन्ने-जेनो, म्हणजे जुने जेन्ने. १९७७ साली आणि पुन्हा १९८१ साली सुसान आणि रॉडरिक मॅकिंटॉश या अमेरिकी पुरातत्त्वज्ञांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा पाच मीटर जाडीच्या थरांमध्ये सुमारे सोळाशे वर्षांची वस्ती हाती आली. तिची सुरुवात इसवी सनापूर्वी २५० च्या आसपास झाली होती. इसवी सन ८०० च्या सुमारास ते ३३ हेक्टरांवर पसरलेले शहर होते आणि १४०० पर्यंत ते ओस पडले होते.

जेन्नेच्या लोकांना आपले पूर्वज तिथे राहत होते हे ठाऊक होते. गावाच्या नावातच ते आहे. अभ्यासकांना मात्र तिथे शोधण्यासारखे काही असेल असे फारसे वाटले नव्हते, कारण वर दगडी बांधकाम नव्हते, शिलालेख नव्हता आणि राजाचे म्हणता येईल असे थडगेही नव्हते. आजवर जे खणले गेले आहे त्यातही राजवाडा सापडलेला नाही.

शहर कशाला म्हणावे हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांच्या परिषदांपुरता राहिला असता तर त्यावर इथे लिहिण्याचे कारण नव्हते. शाळेच्या पुस्तकात कोणती नदी येते, संग्रहालय कशावर पैसा खर्च करते, कायदा कशाला संरक्षण देतो आणि तस्कर कशासाठी खणतो, हे सगळे त्या उत्तरावर अवलंबून असते. माझे म्हणणे असे आहे की राजवाडा, भव्य देवालय आणि लेखनकला यांना शहराची अट मानणे आता सोडून द्यावे, आणि वेगवेगळे धंदे करणारे लोक एकमेकांवाचून जगू शकणार नाहीत इतके परस्परांत गुंतले आहेत का, हे आधी पाहावे. जेन्ने-जेनो हे या म्हणण्याचे भक्कम उदाहरण आहे, पण ते समजण्यासाठी आधी तिथले पाणी समजून घ्यावे लागते.

नायजर नदी गिनीच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावते आणि जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून ईशान्येला, थेट सहारा वाळवंटाच्या दिशेने वाहू लागते. मालीच्या मध्यभागी जमीन इतकी सपाट आहे की नायजर आणि तिला मिळणारी बानी यांचे पाणी शेकडो फाट्यांनी फुटून हजारो चौरस किलोमीटरांवर पसरते. समुद्रापासून फार दूर, वाळवंटाच्या उंबरठ्यावर तयार झालेला हा त्रिभुज प्रदेश वर्षातून एकदा भरतो आणि एकदा ओसरतो. पाऊस साधारण जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो, पण वरच्या अंगाचे पाणी सावकाश येते. त्यामुळे मधल्या भागात पूर ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिगेला पोचतो आणि उत्तरेला तिंबक्तूच्या बाजूला तर डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे आकाशात ढगाचा मागमूस नसताना. पावसाळा आणि पूर यांची ही ताटातूट हेच त्या प्रदेशाचे भांडवल. शेतकरी पहिल्या पावसावर भात पेरतो, पुराबरोबर रोपे उंच होत जातात आणि पाणी उतरू लागले की कापणी होते. हे भात आपल्या भाताहून वेगळ्या जातीचे आहे. आफ्रिकेतच, नायजरच्या याच खोऱ्याच्या परिसरात, आशियाई भाताशी कोणताही संबंध नसताना माणसाने ते लागवडीखाली आणले. पुराच्या पाण्यावर मासे विणीसाठी मैदानात पसरतात आणि ओसरत्या पाण्याबरोबर अरुंद ओढ्यांत अडकतात, तेव्हा कोळ्याचा हंगाम असतो. मग पाण्याखाली वाढलेले बुर्गू नावाचे गवत उघडे पडते आणि उत्तरेच्या कोरड्या माळांवरून गुराखी आपले कळप घेऊन खाली उतरतात.

म्हणजे जमीन एकच, पण वर्षभरात तिचे धनी तीन. भात उभे असताना गुरे आली तर पीक गेले, आणि कापणी लांबली तर गुरे उपाशी राहिली. असे वेळापत्रक जुळवायला राजा लागतोच असे आपण गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात याच प्रदेशातल्या मासिना राज्याचा शासक सेकू अमादू याने चराईचे नियम लेखी बांधून दिले हे खरे, पण जेन्ने-जेनोच्या अगदी खालच्या थरांतही भाताचे दाणे, माशांचे काटे आणि गुरांची हाडे आढळतात. त्याअर्थी ही देवघेव कोणत्याही लेखी नियमाच्या दोन हजार वर्षे आधीपासून चालत आली होती. आज त्या भागात मासेमारी करणाऱ्यांना बोझो, नावाड्यांना सोमोनो, भातशेती करणाऱ्यांना मार्का किंवा नोनो आणि गुराख्यांना फुलानी म्हणतात. आजची नावे जशीच्या तशी दोन हजार वर्षे मागे ढकलणे धोक्याचे आहे, तरीही पाण्याने ठरवून दिलेली कामे तेव्हाही हीच असणार.

आता त्या शहरातल्या एका साध्या स्वयंपाकघराचा विचार करावा. भात आहे, बाजरी आणि ज्वारी आहे, फोनियो नावाचे बारीक दाण्याचे तृणधान्य आहे, वाळवलेली मासळी आहे. पण धान्य वाटायला लागणारा दगड? गाळाच्या या मैदानात दगड मिळत नाही. पाट्या-वरवंट्यासारखा हा वाटण्याचा दगड पन्नासएक किलोमीटर दुरून आणावा लागत होता. लोखंडाचे तेच. जेन्ने-जेनोत पहिले लोक राहायला आले तेव्हाच त्यांच्याकडे लोखंड होते, त्याची मळी, म्हणजे खनिज वितळवल्यावर उरणारा गाळ, सर्वांत खालच्या थरात आहे, आणि तरीही लोहखनिज मैदानाबाहेरून आणल्याशिवाय गत्यंतर नव्हते. तांबे सहारातून, कित्येकशे किलोमीटरांवरून येत होते. नवव्या शतकाच्या आसपासच्या थरात सोन्याची एक कडी मिळाली आहे. सोन्याच्या खाणी दक्षिणेला आणि पश्चिमेला दूर होत्या. सुरुवातीच्या थरांतले काचेचे काही मणी तर घडणीवरून आशियातून आलेले दिसतात. ते किती हातांतून गेले असतील याची कल्पनाच करावी. ज्या गावात स्वयंपाकाचा दगडसुद्धा उसना, त्या गावाने सोळाशे वर्षे तग धरला तो कशाच्या बळावर? उरलेल्या धान्याच्या, वाळवलेल्या मासळीच्या आणि त्यांना उत्तरेला नेणाऱ्या नावेच्या. उंटाच्या पाठीवर जे एक-दोन क्विंटल जाते त्यापेक्षा कितीतरी अधिक ओझे नाव वाहते, आणि तेही प्रवाहाच्या जोरावर.

मीठ ही या व्यापाराची दुसरी बाजू. सहाराच्या पोटात तगाझा नावाची मिठाची खाण होती. १३५२ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे पोचला, तेव्हा त्याला मिठाच्या लाद्यांची घरे आणि मशीद दिसली, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर होते. गावात झाड नव्हते आणि अन्न बाहेरून येत होते. (दहा वर्षांपूर्वी हाच प्रवासी दौलताबादेत होता आणि तिथून पुढे मालदीवला काझी झाला. मालदीवच्या कवड्या माली आणि गावो या गावी चलन म्हणून चालतात, एका सोन्याच्या दिनाराला ११५० या दराने, हे त्याने नोंदवले आहे. आपण 'कवडीमोल' म्हणतो ती कवडी तिथे नाणे होती.) मिठाच्या लाद्या उंटांवरून नदीपर्यंत, तिथून नावेने जेन्नेपर्यंत आणि पुढे माणसांच्या डोक्यावरून व गाढवांच्या पाठीवरून दक्षिणेच्या रानांपर्यंत जात, परतीला सोने आणि कोलाची फळे येत. सतराव्या शतकात तिंबक्तूच्या अस-सादी या इतिहासकाराने लिहिले आहे की जेन्ने हा मुसलमानांच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे, तगाझाच्या मिठाचे व्यापारी आणि दक्षिणेकडील बितूच्या सोन्याचे व्यापारी तिथे भेटतात, आणि तिंबक्तूला चहूकडून तांडे येतात ते या गावामुळे. जगाने तिंबक्तूचे नाव डोक्यावर घेतले, पण तिंबक्तूच्या चुलीवर शिजणारे धान्य पाण्यावरून दक्षिणेकडून येत होते.

इथे जुन्या मताकडे वळावे लागते. १९५० साली पुरातत्त्वज्ञ व्ही. गॉर्डन चाइल्ड यांनी नागरी क्रांतीची, म्हणजे खेड्यांतून शहरे घडण्याची, दहा लक्षणे सांगितली. त्यांत मोठी लोकसंख्या, पूर्णवेळ कारागीर आणि दूरचा व्यापार यांच्याबरोबर भव्य सार्वजनिक इमारती, सत्ताधारी वर्ग, राजाकडे किंवा देवाकडे गोळा होणारा अतिरिक्त उत्पन्नाचा वाटा आणि लेखन यांचाही समावेश होता. मेसोपोटेमियातील शहरे नजरेसमोर ठेवून बनवलेली ही यादी मेसोपोटेमियाला चपखल बसते यात आश्चर्य नाही. तिच्या आधाराने पश्चिम आफ्रिकेकडे पाहिले की निष्कर्ष आयताच निघत असे: इथे स्वतःहून शहर उभे राहिलेच नाही, आठव्या-नवव्या शतकात अरब व्यापारी उंट घेऊन सहारा ओलांडू लागले, त्यांनी बाजार आणला आणि बाजारामागून शहर आले. १९६३ साली ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर तर आफ्रिकेत युरोपीयांचा इतिहास तेवढा आहे, बाकी अंधार आहे, असे म्हणून मोकळे झाले. चाइल्ड आणि ट्रेव्हर-रोपर यांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. चाइल्ड यांना समाज कसे बदलतात हे जाणून घ्यायचे होते, दुसऱ्या गृहस्थांना जाणून घ्यायचेच नव्हते. पण परिणाम एकच झाला. जिथे पाहायचे नाही असे ठरले तिथे कोणी खणले नाही, आणि जिथे खणले नाही तिथे काही नव्हते असे ठरले.

जेन्ने-जेनोच्या थरांनी हा क्रमच उलटा केला. दूरचे तांबे, दूरचे लोखंड आणि दूरचे मणी हे सगळे अरब तांड्यांच्या कित्येक शतके आधीचे आहे, आणि शहर सर्वांत मोठे झाले ते अरब व्यापाराची नुकती सुरुवात होत असताना. तांडे आले ते आधीच भरलेल्या बाजाराकडे आले, आणि बाजार भरलेला नसता तर वाळवंट ओलांडण्याचा जिवावरचा धंदा कोणी केला असता?

शहराची मांडणी त्याहून बोलकी आहे. मुख्य टेकाडाच्या शेजारी हंबारकेतोलो नावाचे दुसरे टेकाड आहे, आणि आजच्या जेन्नेभोवती चार किलोमीटरांच्या परिघात अशी साठांहून अधिक स्थळे आहेत. त्यांपैकी बरीच एकाच काळात नांदती होती, हाकेच्या अंतरावर आणि तरीही वेगवेगळी. काहींवर लोहारकामाच्या खुणा दाट आहेत, काहींवर मासेमारीच्या. मॅकिंटॉश यांचा अर्थ असा की हे एका शहराचे अवयव आहेत: प्रत्येक गट आपल्या टेकाडावर, आपल्या रीतींसह, आपल्या धंद्याची गुपिते जपून राहतो, पण दुसऱ्याला पकडून आपल्यात मिसळवत नाही आणि दुसऱ्यापासून फार दूरही जात नाही. अस-सादीने जेन्नेच्या मुलखाविषयी एक गोष्ट सांगितली आहे. तिथे ७०७७ गावे एकमेकांना इतकी लागून होती की सुलतानाला देबो सरोवराकडच्या एखाद्या माणसाला बोलवायचे असले, तर दूत वेशीवर उभा राहून नाव पुकारी आणि गावोगावचे लोक ती हाक पुढे देत देत त्या माणसापर्यंत पोचवत. आकडा अर्थातच शब्दशः घेण्यासारखा नाही. पण अशी आख्यायिका सुचायलाही दाट शेजार असावा लागतो.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की टेकाडाचा फार थोडा भाग खणला गेला आहे. उद्या पुढच्या खड्ड्यात राजवाडा निघाला तर? शिवाय टेकाडाभोवती जवळजवळ दोन किलोमीटर लांबीची, तळाशी साडेतीन मीटरांहून रुंद अशी मातीच्या विटांची भिंत होती. एवढे काम हुकमाशिवाय कसे झाले? राजवाडा निघाला तर मी तो मान्य करीन, पण माझे म्हणणे त्याने बदलत नाही, कारण राजवाडा उभा राहण्याआधीच तिथे शहर होते हे थरांवरून दिसतेच आहे. भिंतीचे उत्तर आजच्या जेन्नेत मिळते. तिथल्या मातीच्या मोठ्या मशिदीला (आजची इमारत १९०७ मध्ये, फ्रेंच अमलात, पुन्हा बांधलेली आहे) दर वर्षी नव्याने गिलावा करावा लागतो. नदीकाठची माती कालवून मुरवायची, टोपल्यांनी वाहायची, शिड्या लावून भिंतीवर चढवायची. हे काम सारे गाव करते, पेठा-पेठांत चढाओढ लागते आणि 'बारे तोन' ही गवंड्यांची संघटना त्याचे नियोजन करते. त्यासाठी राजा लागत नाही. मातीच्या घरात राहिलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही; पावसाआधी धाब्याची डागडुजी करायला सरकारी आदेश कधी आला नव्हता.

दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. धंद्यानुसार विभागलेले, आपापल्या वस्तीत राहणारे, बाहेर लग्न न करणारे गट असे वर्णन ऐकले की मराठी वाचकाला बलुतेदारी आठवते, आणि बलुतेदारीचे गोडवे गाताना तिच्यातला खालचा-वरचा विसरण्याची खोड आपल्याला आहे. मांदे भाषा बोलणाऱ्या समाजांत लोहार, चर्मकार आणि भाट यांचे जन्मावर ठरणारे, आपसांतच विवाह करणारे गट ऐतिहासिक काळात होते, आजही आहेत. लोहाराचा तिथे दरारा आहे आणि त्याच्यापासून अंतरही राखले जाते. सहारापार व्यापारात माणसेही विकली गेली. त्यामुळे जेन्ने-जेनोला समतेचा स्वर्ग म्हणण्याचा मोह टाळावा. राजवाडा नाही याचा अर्थ अन्याय नाही असा होत नाही. त्याचा अर्थ इतकाच की सगळा अतिरिक्त माल एका दारात जमा होत होता अशी खूण सापडत नाही: थडग्यांत डोळ्यांत भरणारी श्रीमंती नाही, एकच मोठे धान्यकोठार नाही. हडप्पा-मोहेंजोदडोतही निःसंशय राजवाडा म्हणता येईल अशी वास्तू ओळखता आलेली नाही, पण त्यावरून सिंधू संस्कृतीला संस्कृती म्हणू नये असे आपल्याकडे कोणी सुचवत नाही. जी सवलत आपण सिंधूला देतो ती नायजरला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

ही चर्चा शब्दांची वाटत असेल तर जेन्ने-जेनोच्या मातीच्या मूर्तींचे काय झाले ते पाहावे. गुडघे टेकून बसलेल्या, अंगावर सर्प चढलेल्या, डोळे मोठे आणि मान उंच असलेल्या या मूर्तींना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेच्या कलाबाजारात प्रचंड मागणी आली. नायजरच्या या प्रदेशात १९९० च्या सुमारास झालेल्या पाहणीत आठशेहून अधिक प्राचीन स्थळांपैकी ४५ टक्के स्थळांवर चोरट्या खोदकामाच्या खुणा आढळल्या. मालीने १९८५ मध्ये वारसा-संरक्षणाचा कायदा केला, जेन्नेचा आणि जेन्ने-जेनोचा १९८८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, अमेरिकेने १९९३ मध्ये या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. तोवर असंख्य मूर्ती निघून गेल्या होत्या. खणणारा माणूस दुष्काळाने गांजलेला शेतकरी असे आणि त्याच्या पदरात किमतीचा अगदी छोटा अंश पडे. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये.

संग्राहकाचा युक्तिवाद असा असतो की मूर्ती गरीब देशाच्या मातीत झिजण्यापेक्षा काचेच्या कपाटात सुरक्षित आहे. या युक्तिवादामागे राजवाड्याचीच कसोटी आहे: संस्कृती म्हणजे तिची शोभिवंत वस्तू, बाकी सगळी माती. पण ज्या शहराने लेख ठेवला नाही त्याची माती हीच त्याची वही असते. मूर्तीसाठी मारलेला प्रत्येक खड्डा तांदळाचे दाणे, माशांचे काटे, लोखंडाची मळी आणि राखेचे थर यांची सरमिसळ करतो, आणि कोणत्या घरात, कोणत्या काळात, कोणाशेजारी कोण राहत होते हे सांगणारा पुरावा कायमचा जातो. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला झाडाचा बुंधा खणताना एका गावकऱ्याला बैलगाडी, हत्ती, गेंडा आणि रेडा यांची अप्रतिम ब्राँझ शिल्पे मिळाली. त्यात लुटीचा प्रश्न नव्हता आणि शिल्पेही सुरक्षित राहिली, पण ती उत्खननातल्या थरात मिळालेली नसल्यामुळे त्यांचा काळ कोणता यावर अभ्यासकांचा वाद पन्नास वर्षांनंतरही मिटलेला नाही. जेन्ने-जेनोच्या परदेशी गेलेल्या मूर्तींच्या बाबतीत हा वाद शेकडोंनी गुणावा लागतो.

म्हणून माझा आग्रह आहे तो यादीच्या क्रमाविषयी. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि ह्वांग हो या नद्यांच्या जोडीला नायजर शिकवताना सोन्याच्या राजापासून, म्हणजे चौदाव्या शतकातला मालीचा सम्राट मनसा मुसा याच्या हजयात्रेपासून सुरुवात करू नये. ती गोष्ट चमकदार आहे, पण ती सुरू होते तोवर जेन्ने-जेनो उतरणीला लागले होते. सुरुवात वाटण्याच्या दगडापासून करावी. संग्रहालयांनी उत्खननाची नोंद नसलेली मूर्ती, कितीही सुंदर असली तरी, विकत घेऊ नये आणि दान म्हणूनही स्वीकारू नये. आणि वारशाचे संरक्षण करताना मोजायचे ते शहराचे सर्व अवयव मोजावेत. जागतिक वारसा यादीत जेन्ने गावाबरोबर जेन्ने-जेनो, हंबारकेतोलो, कानियाना आणि तोनोंबा ही चार प्राचीन स्थळे आहेत. मालीतील अशांततेमुळे ती सारी २०१६ पासून धोक्यातील वारशांमध्ये गणली जातात. त्या चारांच्या आसपास, पुराच्या पाण्यातून दर वर्षी वर येणारी उरलेली पन्नासएक टेकाडे या यादीत नाहीत. त्यांवर राहणारे कोळी आणि लोहार नसते तर पहिल्या चारांना यादीत घेण्याजोगे काही उरले नसते.